उंबर कुणाचा?



विहाराला पंचवीस वर्षं पूर्ण होत आहेत, स्मरणिका काढायची आहे, तेव्हा तुम्हीही दोन पानं लिहा, असा निरोप संपादक मंडळाच्या मुलांनी गिरणीच्या गेटवर आणून दिला. मी काही लेखक नव्हे. नववीतून शाळा सुटली आणि सूतगिरणीत लागलो, तो पस्तीस वर्षांहून जास्त काळ रिंगफ्रेमसमोर उभा आहे. जे काही वाचलं ते तिसऱ्या पाळीवरून आल्यावर, वाचनालयाचं दार उघडायची वाट बघत पायरीवर बसून. विहाराचा इतिहास, वर्गणी कशी जमली, कुणी किती पोती सिमेंट दिलं, हे जाणती मंडळी लिहिणारच आहेत. मी लिहिणार आहे विहाराच्या मागच्या कोपऱ्यातल्या उंबराविषयी. कारण पायाभरणीच्या वेळी तो तोडायला कुऱ्हाड घेऊन जो सर्वांत पुढं झाला होता, तो मीच. आणि आता नव्या सभागृहाच्या नकाशात तोच उंबर परत आडवा आला आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी ती हकिकत आधी सांगतो. विहाराच्या पायाची आखणी चालू होती. उंबराच्या बुंध्याला कुणीतरी दोरे गुंडाळलेले असायचे. दर गुरुवारी संध्याकाळी तिथं पणती लागायची. गावातल्या बाया यायच्या आणि खोटं कशाला बोलू, आपल्याही दोन-चार घरच्या बाया यायच्या. मी तेव्हा तिशीतला, डोक्यात आग. बैठकीत उभा राहिलो आणि म्हणालो, ‘१४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. हे झाड दत्ताचं आहे. विहाराच्या आवारात ते नको. आजच तोडा.’ टाळ्या पडल्या. मी कुऱ्हाड आणली.

माझी चुलत आज्जी तेव्हा हयात होती. ऐंशीच्या पुढची बाई. ती काठी टेकत आली आणि सरळ बुंध्याला पाठ लावून खाली बसली. म्हणाली, ‘तोड की. पर आदी मला हितनं उचल. बहात्तरला तू चार वर्साचा व्हतास. ह्येच्याच भावकीतल्या झाडाचं पीठ तुज्या तोंडात गेलंय. त्या वक्ताला झाड दत्ताचं हाय का कुणाचं, कुणी इचारलं न्हाई.’

मी कुऱ्हाड घेऊन घरी आलो. भिंत चार हात अलीकडं घेतली गेली. चारचौघांत पाणउतारा झाला म्हणून मला राग होता. म्हटलं, आज्जीला पुस्तकातून उत्तर द्यायचं, हे झाड आपलं नाही हे छापील दाखवायचं. त्या ईर्ष्येनं वाचायला बसलो. पुढं काय निघालं ते खाली येईलच.

आधी झाडच बघू. उंबराला फळ फांदीच्या टोकाला येत नाही, बुंध्याला आणि जाड फांद्यांना घोस लागतात. फूल मात्र कुणाला दिसत नाही. म्हणून न दिसणाऱ्या, दुर्मीळ गोष्टीला आपण उंबराचं फूल म्हणतो. खरी गोष्ट अशी की, ज्याला आपण फळ म्हणतो ती एक बंद पिशवी असते आणि शेकडो बारीक फुलं तिच्या आतल्या अंगाला असतात. देठाच्या उलट बाजूला एक बारीक भोक असतं. त्यातून एक चिलटाएवढी मादी माशी आत घुसते. घुसताना तिचे पंख तुटतात. अंगावर आणलेले परागकण ती आतल्या फुलांना लावते, अंडी घालते आणि तिथंच मरते. तिची नर पिल्लं आतून बोगदा पाडतात, माद्या पराग घेऊन त्या वाटेनं दुसऱ्या उंबराकडं जातात. याच त्या केंबरांवरून ‘उंबर फोडून केंबरं उडवणं’ ही म्हण आली. या माशीशिवाय उंबराचं बी धरत नाही आणि उंबराशिवाय या माशीला घर नाही.

उंबर वर्षातून एकदाच फळून थांबत नाही. वरचेवर बहर येतात, त्यामुळं बाकीची झाडं रिकामी असताना पाखरांना इथं चारा असतो. कोकीळ, बुलबुल, साळुंकी, रात्री वटवाघळं. हरियाल म्हणजे पिवळ्या पायाचं हिरवं कबूतर, जो आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे, तोही वड-पिंपळ-उंबराच्या फळांवरच पोसतो. पहाटे पाळी सुटून येताना विहाराच्या मागं जो कलकलाट ऐकू येतो तो त्यांचा.

आमचं मूळ गाव माणदेशातलं. सातारा जिल्ह्यातले माण-खटाव आणि सांगली जिल्ह्यातले आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हा सगळा पट्टा पावसाच्या सावलीतला. १९७२ च्या दुष्काळात माणगंगेचं पात्र वाळूचं मैदान झालं होतं असं घरातली मंडळी सांगत. खडी फोडायची कामं निघाली, कामावर सुकडी मिळायची, रेशनवर परदेशातून आलेला मिलो मिळायचा. तो लालसर मिलो आठवला की आजही म्हातारी माणसं तोंड वाकडं करतात. वडील तेव्हा मुंबईला गिरणीत होते, त्यांची मनिऑर्डर कधी वेळेवर यायची, कधी नाही. ओढ्याच्या काठाला दोन उंबर होते. ओढा आटला तरी ते हिरवे होते, कारण त्यांची मुळं खाली ओलीपर्यंत गेलेली.

आज्जीची रीत मी नंतर तिच्याकडून दोनदा विचारून घेतली. पिकलेली उंबरं पहाटे गोळा करायची, ऊन चढलं की मुंग्या लागतात. दगडावर एकेक फोडायचं, झटकायचं, केंबरं उडून जाऊ द्यायची. मग पत्र्यावर कडक वाळवायची आणि जात्यावर दळायची. एक ओंजळ हे पीठ आणि दोन ओंजळी मिलो, अशी भाकरी. नुसत्या उंबराची भाकरी थापता येत नाही, फुटते. कच्ची उंबरं असतील तर उकडून, ते पाणी टाकून देऊन, मीठ-चटणीत परतायची. हिरव्या उंबराचा तुरटपणा उकळल्यावर कमी होतो. ‘ग्वाड लागायचं का?’ असं मी विचारलं तर म्हणाली, ‘भूक लागली की समदं ग्वाड.’

बहात्तरनंतर आमचं कुटुंब ऊसतोडीच्या आणि मजुरीच्या नादानं कृष्णाकाठाला आलं ते इथंच राहिलं. पुढं १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, वडील ट्रंक घेऊन परत आले, आणि त्यानंतरची दोन वर्षं आईनं शेळ्या जगवल्या त्या या उंबराच्या पाल्यावर. शेळ्यांच्या दुधावर आम्ही. म्हणजे आज्जी बोलली ते काही उगाच नव्हतं, पण कुऱ्हाड हातात असताना मला यातलं काहीच आठवलं नाही.

आता पाण्याकडं वळू. जुनी विहीर खणणारी माणसं उंबर बघून जागा धरत. हे नुसतं अडाण्यांचं नव्हे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत जमिनीखालचं पाणी ओळखण्यावर एक आख्खं प्रकरण आहे. त्यात झाडांवरून, वारुळांवरून पाणी कुठं आणि किती खोल लागेल ते दिलं आहे. उंबराबद्दल त्यात आहे की झाडाच्या पश्चिमेला तीन हातांवर, अडीच पुरुष खोलीवर गोडं पाणी लागतं. इतक्या बारीक मापावर कुणी विश्वास ठेवू नये, जमीन प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. पण उंबर ओलीच्या जागी वाढतो एवढं खरं आहे. सुतार मंडळी सांगतात की उंबराचं लाकूड कोरड्यात टिकत नाही, भुंगा लागतो, पाण्याखाली मात्र वर्षानुवर्षं राहतं. म्हणून विहिरीच्या तळाशी बसवायच्या कड्याला ते वापरत.

विहीर खणायला आपली माणसं चालत. वतनातली कामं, सांगावे पोहोचवणं, ओझी वाहणं, लाकूड फोडणं, सगळं चाले. पाणी लागलं, कडं बसलं, की विहीर बाटू नये म्हणून तीच माणसं पंधरा हात लांब उभी. सातारा जिल्ह्यात कऱ्हाड तालुक्यात उंब्रज आहे, नावातच उंबर दिसतो. तिथून मसूर जवळच. मसूरचं नाव आपल्या लोकांनी विसरू नये असं आहे. बाबासाहेबांचं बालपण साताऱ्यात गेलं, तिथल्या सरकारी हायस्कुलात (आताचं प्रतापसिंह हायस्कूल) ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचं नाव दाखल झालं. १९०१ साली सुभेदार रामजी खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर, तळं खोदायच्या कामावर, कॅशियर होते. दुष्काळग्रस्तांना काम मिळावं म्हणून ते तळं. त्यांना भेटायला छोटे भीमराव, त्यांचे भाऊ आणि भाचे आगगाडीनं मसूरला उतरले, तिथून दुप्पट भाडं देऊन बैलगाडीनं निघाले. बरोबर डबा होता, पण वाटेत प्यायला पाणी मिळालं नाही. होतं ते डबक्यातलं, चिखलाचं, गुरांच्या मुताचा वास येणारं. रात्री टोलनाक्यावर मागितलं तर तिथंही मिळालं नाही. मुलं उपाशी झोपली. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलेलं आहे. बाप दुष्काळग्रस्तांच्या तळ्याचा हिशेब लिहितोय आणि पोरांना घोटभर पाणी नाही, हे वाचलं त्या दिवशी मी गिरणीत पाण्याच्या माठाजवळ बराच वेळ उभा होतो. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर जे झालं त्याची एक मुळी इथं साताऱ्याच्या मातीत आहे.

उंबरठ्याची गोष्टही इथंच सांगतो. उंबरा, उंबरठा हा शब्द आपण रोज वापरतो. संस्कृत कोशात ‘उदुंबर’ शब्दाचा एक अर्थ झाड आणि दुसरा अर्थ दाराचा उंबरठा असा दिलेला मी पाहिला. दाराच्या खालच्या लाकडाला झाडाचंच नाव. ज्या झाडाचं फळ गाय, माकड, मुंगी, माणूस कुणीही खावं, त्याच्या नावाच्या लाकडापलीकडं आपल्या आजोबांना पाऊल टाकता येत नव्हतं. माझे वडील मुंबईला पळाले ते गिरणीच्या पगारासाठी जितके, तितकेच तिथं चाळीच्या दाराला असला उंबरठा नव्हता म्हणून. (तिथंही पाण्याच्या पिंपावरून काय काय चालायचं ते त्यांनी नंतर सांगितलं, पण तो वेगळा विषय.)

आता औषधाचं. या भागावर मी जरा जपून लिहिणार आहे.

आज्जी आणि तिच्या वयाच्या बाया उंबर असा वापरत. उंबराचा चीक गालगुंडावर, न फुटणाऱ्या गळवावर लावायचा. तोंड आलं, हिरड्यांतून रक्त आलं तर सालीचा काढा करून चुळा भरायच्या. हगवण लागली तर तोच काढा थोडा पोटात. बैलाच्या खांद्याला जू घासून जखम झाली की सालीच्या पाण्यानं धुवायची. गोवर-कांजिण्यांत अंगाची आग झाली तर उंबराचं पाणी. हे पाणी काढायची पद्धत अशी की, संध्याकाळी एक बोटभर जाडीचं मूळ उकरून त्याचं टोक छाटायचं, ते मडक्याच्या तोंडात सोडून मडकं मातीत बसवायचं आणि वर झाकायचं. रात्रभर मूळ ठिबकतं आणि सकाळी तांब्याभर पाणी मिळतं.

याला आधार आहे का? थोडा आहे. सालीत तुरट द्रव्य भरपूर असतं, ते कातडी आणि हिरड्या आवळून धरतं, म्हणून चुळा आणि जखम धुणं याला अर्थ आहे. आयुर्वेदात वड, पिंपळ, उंबर, पायरी आणि पारोसा पिंपळ या पाच सालींना मिळून पंचवल्कल म्हणतात आणि जखम धुवायला त्याचा काढा आजही वैद्य वापरतात. पिकल्या फळात चोथा असतो, त्यानं पोट साफ होतं. कच्चं फळ उलट बांधून धरतं. बौद्ध वाङ्मयातही औषधांचा विचार आहे. विनयपिटकातल्या महावग्गात भिक्खूंच्या औषधांवर स्वतंत्र प्रकरण आहे. मुळ्या, काढे, पानं, फळं, डिंक, मीठ अशी वर्गवारी आहे. फळांत हिरडा, बेहडा, आवळा आहे. काढ्यांत कडुनिंब आणि कुडा आहे. उंबराचं नाव मला त्या यादीत सापडलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण प्रत्येक यादीच्या शेवटी ‘आणि असंच दुसरं जे औषधी असेल ते’ अशी मोकळीक दिलेली आहे. कुणा एका झाडाला देव करायचा नाही आणि कुठल्या झाडाला बाद करायचं नाही, ही रीत मला आवडली.

मधुमेहाबद्दल मात्र स्पष्ट लिहितो. उंबराच्या सालीचा आणि फळाचा अर्क उंदरांना देऊन साखर कमी झाल्याचे प्रयोग झाले आहेत, हे खरं आहे. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे आणि प्रयोगशाळेतला मोजलेला अर्क म्हणजे आपल्या घरचा काढा नव्हे. आपल्याच वस्तीतल्या माझ्या बरोबरीच्या एका कामगारानं कुणाचं तरी ऐकून गोळ्या बंद केल्या आणि रोज सकाळी उंबराचं पाणी घ्यायला लागला. चार महिने. पायाला बॉबिनच्या पेटीची ठेच लागली ती भरेना. शेवटी दोन बोटं काढावी लागली. तो मला म्हणाला, ‘झाड नैसर्गिक हाय, त्यानं काय हुतंय?’ झाडानं त्याला काही केलं नाही, गोळी बंद केल्यानं केलं. काढा घ्या, चुळा भरा, पण साखरेची, दाबाची गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका. लहान मुलाला जुलाब लागले तर आधी मीठ-साखरेचं पाणी आणि दवाखाना, साल नंतर. आणि चीक डोळ्याला लागू देऊ नका. यात श्रद्धेचा काही संबंध नाही.

आता ज्या पुस्तकी उत्तरासाठी मी बसलो होतो त्याकडं येतो.

‘दत्ताचं झाड’ हे आपल्या भागात का म्हणतात ते सोपं आहे. पलूस तालुक्यात, भिलवडीजवळ, कृष्णेच्या काठावर औदुंबर नावाचंच क्षेत्र आहे. नृसिंहसरस्वती यांनी तिथं एक चातुर्मास केला असं गुरुचरित्रात आहे. काळ पंधराव्या शतकाच्या सुमाराचा. तिथून ते खाली नरसोबाच्या वाडीला गेले. त्या परंपरेमुळं कृष्णाकाठी उंबर म्हटलं की दत्त, हे समीकरण बसलं. संक्रांतीला औदुंबरला साहित्य संमेलन भरतं, मीही एकदा सायकलवरून गेलो होतो, नदीचा घाट आणि झाडी बघण्यासारखी आहे.

पण उंबराचं पूजन काही तिथं सुरू झालं नाही. त्याच्या कितीतरी आधी वैदिक यज्ञात उंबराचं लाकूड मानाचं होतं. सोमयागाच्या मंडपात मधोमध उंबराचा खांब रोवत, त्याला ‘औदुंबरी’ म्हणत. राजाला अभिषेक करताना बसायचं आसन उंबराच्या लाकडाचं असावं असं ब्राह्मण ग्रंथांत आहे. हे वाचून मला आधी बरं वाटलं. म्हटलं, सापडलं उत्तर. यज्ञाचं झाड, आपलं नव्हे.

त्यानंतर दीघनिकायाचं मराठी भाषांतर हाताला लागलं. त्यात महापदान सुत्त आहे. गौतम बुद्धांच्या आधी होऊन गेलेल्या सहा बुद्धांची आणि गौतमांची माहिती त्यात दिली आहे. कुणाचा जन्म कुठल्या कुळात, आणि कुणाला कुठल्या झाडाखाली बोधी झाली. विपस्सींचं झाड पाडळ, सिखींचं पुंडरीक, वेस्सभूंचं साल, ककुसंधांचं शिरीष, कस्सपांचं वड आणि गौतमांचं पिंपळ. आणि पाचवे कोणागमन, ज्यांना संस्कृतात कनकमुनी म्हणतात, त्यांचं झाड उदुंबर. म्हणजे उंबर!

मी ते पान तीनदा वाचलं. वाचनालयात बसून मला घाम फुटला. ज्या झाडावर मी धम्माच्या नावानं कुऱ्हाड उगारली होती तो एका बुद्धाचा बोधिवृक्ष निघाला.

तरी मन म्हणालं, ही पुस्तकातली गोष्ट, आधीच्या बुद्धांची कथा मागाहून कुणी रचली असेल. रचली असेलही. पण तीही फार जुनी आहे, याचे पुरावे दगडात आहेत. नेपाळच्या तराईत निगाली सागर म्हणून जागा आहे. तिथं सम्राट अशोकाचा मोडलेला स्तंभ आहे. त्यावरचा लेख १८९५ साली उजेडात आला. राज्याभिषेकाला चौदा वर्षं झाल्यावर अशोकानं कनकमुनी बुद्धांचा स्तूप वाढवून मोठा केला आणि पुढं स्वतः येऊन वंदन केलं, असं त्यात आहे. म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात कनकमुनींचा स्तूप आधीपासून उभा होता, तो वाढवण्याइतका जुना.

दुसरा पुरावा भरहुतचा. मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात भरहुतला मोठा स्तूप होता, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा. १८७३ साली कनिंगहॅम साहेबाला तो मातीत आणि आसपासच्या गावांच्या भिंतींत सापडला. लोकांनी दगड घरांना वापरले होते. जे वाचलं ते कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. त्या स्तूपाच्या दगडी कठड्यावर निरनिराळ्या बुद्धांचे बोधिवृक्ष कोरले आहेत. बुद्धांची मूर्ती नाही, फक्त झाड, खाली आसन आणि वंदन करणारी माणसं. आणि खाली ब्राह्मी अक्षरांत नाव. त्यात एकावर ‘भगवतो कोनागमेनस बोधि’ असं आहे. ते झाड उंबराचं.

काही वर्षांपूर्वी बोधगयेच्या यात्रेहून परतताना आम्ही सातजण कलकत्त्याला उतरलो, तेव्हा ते दालन बघितलं. लाल दगड आहे. मला ब्राह्मी येत नाही, तिथल्या पाटीवरून आणि बरोबरच्या शिक्षक मित्राच्या मदतीनं समजून घेतलं. कुणा राजाच्या एकट्याच्या खजिन्यातून तो स्तूप झालेला नाही. खांबाखांबावर, सूचीवर देणगीदारांची नावं आहेत. भिक्खू, भिक्खुणी, साधे संसारी लोक. एकानं एक खांब, दुसऱ्यानं एक आडवा दगड. आपल्या विहाराच्या वर्गणीची वही आठवा, तसंच.

आणि त्या देणगीदारांत ‘करहकट’ नावाच्या गावाची नावं आहेत. एका लेखात तर करहकट निगमाचं, म्हणजे सगळ्या नगरीचं मिळून दान आहे. हे करहकट म्हणजे आपलं सातारा जिल्ह्यातलं कऱ्हाड, असं अभ्यासकांनी ठरवलेलं आहे. कोकणात कुड्याच्या लेण्यांतही कऱ्हाडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्यानं लेणं दिल्याचा लेख आहे. कऱ्हाडजवळ जखिणवाडीच्या आगाशिवाच्या डोंगरात साठाच्या वर बौद्ध लेणी आहेत, ती तर डोळ्यांनी दिसतात. कृष्णा-कोयनेच्या संगमावरच्या या गावातून दोन हजार वर्षांपूर्वी माणसं किंवा त्यांचे पैसे विंध्य ओलांडून भरहुतला गेले आणि ज्या कठड्याला त्यांनी हातभार लावला त्याच कठड्यावर उंबर कोरला गेला. त्या कऱ्हाडकरांना उंबर नवा नव्हता. त्यांच्या नदीच्या काठाला तोच होता.

हे सगळं मी आज्जीला सांगायला गेलो. तेव्हा ती अंथरुणाला खिळलेली होती. अशोक, भरहुत, कनकमुनी, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हंजी आता तोडनार न्हाईस न्हवं?’ एवढंच. कुणाचं झाड आहे यात तिला आताही रस नव्हता.

गुरुवारच्या पणत्यांचं काय झालं, असं तरुण पोरं विचारतील. आम्ही कुणाला हाकललं नाही. बाकी बायांशी बसून बोललो, झाडाभोवती गुंडाळलेल्या दोऱ्यांनी सालीला करकोचे पडतात ते दाखवलं, दोरे बंद झाले. पणती बुंध्याला चिकटवून ठेवल्यानं साल जळते, तीही लांब दगडावर गेली. गावातल्या दोन म्हाताऱ्या आजही येतात. येऊ द्यात. बुद्ध पौर्णिमेला आपण खीरदान करतो ती पंगत याच सावलीत बसते आणि त्या दोघीही येऊन बसतात.

२००५ च्या आणि २०१९ च्या महापुरात विहाराच्या मागच्या अंगाला पाणी आलं तेव्हा नदीकडची माती त्याच्या मुळांनी धरून ठेवली. शेजारचा बांध गेला, आपला कोपरा राहिला. हे मी बघितलं आहे, ऐकीव नव्हे.

आता नव्या सभागृहाचा प्रश्न. ज्यांना उंबर नको आहे त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. उंबराची मुळं पाण्याच्या मागं धावतात, भिंतीत आणि पाइपात शिरतात. जुन्या विहाराच्या मागच्या भिंतीला जी चीर आहे ती मुळामुळंच आहे. नकाशात संडासाची टाकी झाडापासून सहा फुटांवर दाखवली आहे, ती तर मुळं दोन वर्षांत फोडतील. शिवाय पिकलेली उंबरं फरशीवर पडून चिकटा होतो, माशा होतात, झाडलोट वाढते.

म्हणून मी मागच्या रविवारी आपल्या वस्तीतल्याच दोन गवंड्यांना घेऊन फीत धरून मापं घेतली. टाकी पूर्वेला रस्त्याकडं नेली आणि सभागृहाची मागची भिंत साडेचार फूट आत घेतली, तर झाडाला हात न लावता काम होतं. बसायच्या जागेत दोन ओळी कमी होतात, म्हणजे चोवीस माणसं. ती चोवीस माणसं झाडाखाली बसू शकतील असा ओटा बांधायचा खर्च गवंड्यांनी काढून दिला आहे, त्यातली मजुरी ते घेणार नाहीत. मापाचा कागद विहाराच्या कपाटात, वर्गणीच्या वहीत ठेवला आहे. पौर्णिमेच्या बैठकीआधी सर्वांनी तो बघून घ्यावा.